तीन गाड्यांची एक फटफटी

पोलीस खात्यात हयात घालवलेल्या माणसाला लोक खुनाच्या आणि दरोड्याच्या गोष्टी विचारतात. मीही सांगतो, लोकांना बरं वाटतं. पण एकटा बसलो की मला आठवते ती एक फटफटी. त्या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नाही, कोणी फरार झालं नाही आणि शेवटी कोर्टात उभी राहील अशी केसही उरली नाही. तरी नोकरीतला सर्वांत समाधानाचा तपास कोणता, असं कोणी विचारलं तर मी त्याचंच नाव घेईन.

तेव्हा मी हिंगोलीच्या ठाण्यावर अमीन होतो. निजामाच्या राज्यातला अमीन म्हणजे आजचा फौजदार. दुसरी लढाई चालू होती. पेट्रोल परमिटावर मिळायचं आणि गाड्यांचे सुटे भाग बाहेरून येणं बंद झालं होतं. आमच्या भागात फटफट्या इतक्या थोड्या होत्या की नुसत्या आवाजावरून कोण आलं ते लोक ओळखत.

पोळा होऊन गेला होता. एके दिवशी सकाळी पुसेगावच्या बाजूच्या एका गावचे देशमुख ठाण्यात आले. मोठी जमीन, मोठा आवाज, आणि आमच्या मोहतमीम साहेबांकडे, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांकडे, चहाला जाण्याइतकी ओळख. जमिनीच्या दाव्यासाठी ते हैदराबादेत मुक्कामाला होते. परत येऊन पाहतात तर गोठ्याशेजारच्या पडवीतली त्यांची अमेरिकी फटफटी गायब.

"चोराला धरा, नाहीतर मी मोहतमीम साहेबांकडे जातो," ते म्हणाले.

ते तिकडून आधीच आलेले असावेत, कारण दुपारीच मला वरून विचारणा झाली.

मी फिर्याद नोंदवली, पडवीचा पंचनामा करायला जवान पाठवला. कुलूप नव्हतं, त्यामुळे तोडलेलंही नव्हतं. गोठ्यावर असणाऱ्या सालगड्याने जबाब दिला, की मी झोपलेलो होतो, मला काही ठाऊक नाही. पोलिसांना ऐकू येणाऱ्या जबाबांपैकी निम्मे जबाब हेच असतात, म्हणून मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

खबर मिळाली ती जिनिंगसमोरच्या पानवाल्याकडून. पोलिसाने पानवाल्याशी कायम गोडीत राहावं, असं माझं मत आहे. लोक त्याच्यापुढे उभे राहून बोलतात आणि तो दिसत असूनही त्यांना दिसत नाही. पान लावता लावता तो म्हणाला, "साहेब, मिस्तरीच्या पत्र्याच्या खोलीत फटफटी वाजून राहिली. त्याच्याकडं कुठली आली फटफटी?"

हे मिस्त्री म्हणजे जिनिंगमध्ये पूर्वी काम केलेले एक मुसलमान कारागीर. वय पन्नाशीचं. जिनिंगच्या पट्ट्यात सापडून त्यांचा डावा पाय गुडघ्यातून वाकेनासा झाला होता. तेव्हापासून ते स्वतःच्या खोलीत काम करत. गावोगावची पाण्याची इंजिनं, उसाचे चरक, पिठाच्या गिरण्या बंद पडल्या की लोक बैलगाडी पाठवून त्यांना घेऊन जात. गाडी आली तर काम, नाही आली तर दिवस रिकामा. पायी जाता येत नव्हतं, सायकल मारता येत नव्हती. स्वतःची फटफटी जुळवून गावं फिरायची, हे त्यांचं वेड साऱ्या हिंगोलीला माहीत होतं. जुन्या लष्करी छावणीच्या बंगल्यात कोणा साहेबाने टाकून दिलेलं धूड, आखाडा बाळापूरच्या कंत्राटदाराने वैतागून विकलेली मोडकी गाडी, असं काय काय त्यांनी वर्षानुवर्षं जमवलं होतं. लोक थट्टा करायचे. मीही एकदा केली होती.

ओळख पटवायला देशमुखांना बरोबर घेऊन आम्ही गेलो तेव्हा ती खोलीच्या मधोमध उभी होती. मी गाड्यांमधला जाणकार नाही, पण तिच्याकडे पाहतच राहिलो. सांगाडा एकीकडचा, इंजिन दुसरीकडचं, गिअर तिसरीकडचा. इंजिन सांगाड्यात बसत नव्हतं, म्हणून बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेच्या पट्ट्या कापून त्याला आधार दिला होता. बैठक मोटेच्या जुन्या चामड्याची. देशमुख माझ्यामागून आत आले आणि त्यांनी टाकीवरच्या पोच्यावर बोट ठेवलं.

"ही माझी टाकी. बाभळीवर आदळलो होतो तेव्हाचा पोचा आहे. सांगाडा माझा, चाकं माझी. बेड्या घाला याला."

मिस्त्री उठून उभे राहिले. हात पुसले. "टाकी त्यांचीच हाय साहेब. सांगाडा भी, चाकं भी," ते म्हणाले आणि चालायला लागले. बेडी घालायची वेळच आली नाही.

चौकशीला बसलो. इंजिन कुणाचं? "माझं. बाळापूरच्या गाडीतलं." गिअर? "छावणीवाल्या गाडीचा." ही दोन्ही उत्तरं जवानाने जाऊन पडताळली, खरी निघाली. मग मी विचारलं, "देशमुखांची गाडी तुमच्याकडे कशी आली?"

"ते सांगत न्हाई साहेब."

"तुम्ही आणलीत?"

"सांगत न्हाई."

"मिस्त्री, चोरीच्या गुन्ह्यात आत जाल. खोली बंद पडेल. उद्या कोणी गाडी पाठवणार नाही तुम्हाला. चोराला कोण आपल्या इंजिनाला हात लावू देईल?"

त्यांनी मान हलवली. हे सगळं त्यांनी आधीच मनात घोळवलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "बराबर हाय तुमचं," ते म्हणाले. "पन जबान दिली हाय."

आमच्या जमादारांचे हात शिवशिवत होते. ते जुन्या वळणाचे, मनाने वाईट नव्हते, पण कुलूप दिसलं की किल्लीऐवजी हातोडा शोधायचे. "माझ्या हवाली करा, घटकाभरात बोलतो," ते म्हणाले. मी नाही म्हणालो. चोरांच्या बाबतीत माझा एक अनुभव होता. चोराकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असतं. हा माणूस एकही खोटं वाक्य बोलत नव्हता, जिथे खोटं बोलावं लागेल तिथे थांबत होता. अशा माणसाला मारून फक्त आपला हात दुखतो. जमादारांना हे पटलं नाही. त्यांनी कुरकुरत मिस्त्रींना हवालातीत बसवलं आणि थोड्या वेळाने स्वतःच्या डब्यातली भाकरीही दिली.

पण मोहतमीम साहेबांना माझा अनुभव ऐकण्यात रस नव्हता. आरोपी हातात आहे, माल हातात आहे, मग कागद का अडले? साहेबांचा प्रश्न चुकीचा नव्हता. दुसऱ्या दिवशी कागद पुढे गेले असते तर मिस्त्रींना शिक्षा ठरलेली होती.

त्या सकाळी मी मुद्देमालाची पुन्हा तपासणी करायला मिस्त्रींच्या खोलीत गेलो. कोपऱ्यात गोणपाटाखाली देशमुखांच्या गाडीचं मूळ इंजिन होतं, उघडून ठेवलेलं, जळून काळं पडलेलं. ते चोरून तोडलेलं नव्हतं, निकामी झालं म्हणून उतरवलेलं होतं. मी वाकून पाहायला लागलो आणि थबकलो. भिंतीच्या फटीतून मुंग्यांची एक रांग निघाली होती आणि ती सरळ त्या इंजिनात चालली होती.

लोखंडाला मुंग्या लागलेल्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या.

बोट घालून वास घेतला. जळकट वास होता, पण त्याखाली गुळाचा आणि तुपाचा. बाहेरच्या बाजूने, जिथे तेलाचा हात पोचला नव्हता, तिथे खाचांमध्ये पिवळं काहीतरी भरलेलं. नखाने खरवडलं, तर हळद. तूप आणि हळद. मी शेतकऱ्याच्या घरातला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात, त्याला आम्ही खांदेमळणी म्हणतो. वर्षभर जू वाहून खांदे सोलवटलेले असतात, त्यांना तेवढाच आराम. लहानपणी हे काम माझ्याकडे असायचं. तो वास मी कुठेही ओळखला असता.

जमादारांना काही न सांगता मी घोड्यावर बसलो आणि देशमुखांच्या गावी गेलो.

देशमुख शेतावर होते. मला तेच हवं होतं. गोठ्यात सालगडी बैलांना वैरण टाकत होता. काळा, हडकुळा, चाळिशीचा माणूस. बैल मात्र असे की नजर ठरू नये. अंग चकचकीत, शिंगांना रंग अजून ताजा. बैल तुकतुकीत आणि माणसाचे डोळे खोल गेलेले. हा माणूस जेवत नाही, झोपत नाही, हे मला दारातच कळलं. मी फटफटीचा विषय काढला नाही. बैलांची चौकशी केली, कुठल्या बाजाराचे, दात किती. तो हळूहळू मोकळा झाला. जनावरांवर जीव लावणारा गडी होता, बोलता बोलता एका बैलाच्या गळ्याखालच्या पोळीवरून हात फिरवत होता.

बोलताना माझी नजर भिंतीवर फिरत होती. खुंटीवर पोळ्याचा साज टांगला होता. झुली, घुंगरमाळा आणि बेगडाची बाशिंगं. गोठ्यात बैलजोडी एकच होती. बाशिंगं तीन होती. तिसऱ्याची दोरी आखूड होती, शिंगाला बांधायला पुरणार नाही इतकी आखूड.

मी ते बाशिंग हातात घेतलं आणि सहज विचारलं, "तिसरा बैल कुठाय रे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, बाशिंगाकडे पाहिलं, आणि मटकन खाली बसला. एवढा जाणता माणूस, पण लेकरासारखा रडायला लागला.

"सायेब, ती बी वरीसभर राबती," तो म्हणाला. "मालकाला घिऊन जाती, घिऊन येती. गोठ्याशेजारीच ऱ्हाती. बैलायला पोळा अन् तिला काहून न्हाई? म्या म्हनलं, मालक न्हाईत, पन तिचा सन चुकू द्याचा न्हाई."

मग सगळं बाहेर आलं. देशमुखांनी जाताना त्याला सांगून ठेवलं होतं, की गाडी अधूनमधून चालू करून अंगणात घुरघुरू दे, नाहीतर धरून बसेल. त्यामुळे ती त्याला आपल्या ताब्यातलं जनावर वाटू लागली होती. त्याने आदल्या दिवशी तिची खांदेमळणी केली. पोळ्याच्या दिवशी हँडलला बाशिंग बांधलं, ओवाळलं. बैलांना पुरणपोळी चारली, आणि हिला? हिचं तोंड म्हणजे टाकीवरचं झाकण. दोन झाकणं होती. एकातून पेट्रोल जातं, दुसऱ्यातून तेल, हे त्याने मालकाला ओतताना पाहिलं होतं. पेट्रोलला त्याने हात लावला नाही, तेवढी समज त्याला होती. तेलाच्या तोंडात त्याने गरम तूप आणि गुळाचं पाणी ओतलं.

"तेलापरीस तूप चांगलंच की सायेब," तो हुंदके देत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला किक मारली. ती थोडा वेळ चालली, मग किंचाळली, आणि कायमची गप्प झाली. सालगड्याच्या तोंडचं पाणी पळालं. मालकाला कळलं तर साल संपायच्या आतच हाकलणार, खोपटंही जाणार. त्याने बैलगाडीत कडबा रचला आणि कडब्याखाली तिला घालून थेट हिंगोली गाठली. मिस्त्रींना कामासाठी न्यायला नेहमी तोच जायचा. त्यांच्या आखडलेल्या पायाखाली न सांगता जास्तीचा कडबा घालायचा. त्यामुळे दोघांचा जिव्हाळा होता.

"मिस्तरी म्हनले, इंजिन मेलं. माझं घालतो. तुझा मालक यायच्या आत हुभी करून देतो. पुलीस आले तरी तू गप ऱ्हाय, मी बघून घेतो. पन मालक आदीच आले. सायेब, त्यायला धरलं तवापासून घास गिळंना मला."

म्हणजे वर्षानुवर्षं जमवलेल्या आपल्या फटफटीचं काळीज काढून त्या माणसाने दुसऱ्याच्या गाडीत बसवलं होतं, आणि त्यापायी हवालातीत बसला होता. अमीनाने सालगड्यापुढे डोळे पुसणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी बैलाकडे तोंड करून उभा राहिलो.

परत येऊन मी फटफटी ठाण्याच्या आवारात आणवली. दुपारी देशमुख आपल्या टांग्यातून ठाण्यावर आले, टांगा परत पाठवला. आज फटफटीवर बसूनच जाणार, असं त्यांचं ठरलेलं. सालगडी बैलगाडी घेऊन मागोमाग आला. त्याला पाहताच मिस्त्री गजाआडून ओरडले, "अरे, तू काहून आला? सांगितलं व्हतं ना!"

मी सर्वांसमोर हकीकत सांगितली. देशमुखांचा चेहरा आधी लाल झाला, मग काळा. "तूप?" ते सालगड्याला म्हणाले. "माझ्या इंजिनात तूप? उद्यापासून माझ्या दारात दिसू नकोस."

सालगडी मान खाली घालून उभा राहिला.

मी म्हणालो, "देशमुखसाहेब, घरच्या माणसाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. कायद्याचं मी सांगतो. चोरी करायची नियत कोणाचीच नव्हती. गाडी दुरुस्तीला गेली होती आणि दुरुस्त होऊन उभी आहे. टाकी, सांगाडा, चाकं तुमची. इंजिन आणि गिअर मिस्त्रींचे. ते उतरवून बाकीचं घेऊन जा."

"उतरवायचं काहून?" मिस्त्री बाहेर येता येता म्हणाले. "त्यात बसवलं म्हंजे दिलं. घिऊन जाऊ द्या. पन या गरिबाला ठिवा म्हना."

देशमुख सरळ गाडीवर बसले आणि त्यांनी किक मारली. पहिल्या दणक्याला गाडी चालू झाली. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग विरघळताना मी पाहिला, कारण त्यांची गाडी दम लागेपर्यंत किका मारल्याशिवाय कधी चालू होत नसे, हे गावभर माहीत होतं.

पुढचं मात्र कोणालाच वाटलं नव्हतं. त्या अमेरिकी गाडीचा क्लच डाव्या पायाचा होता. मिस्त्रींचा डावा पाय वाकत नसल्यामुळे गाडी चालवून पाहण्यासाठी त्यांनी तो हँडलवर, हातात आणला होता. देशमुखांचा पाय सवयीने खाली क्लच शोधत राहिला, हात भलताच दांडा ओढत राहिला, आणि गाडी त्यांना घेऊन ठाण्याच्या आवाराला अर्धा वळसा घालून कुंपणाच्या मेंदीत शिरली. जमादार धावले. देशमुखांना खरचटलंही नव्हतं, फक्त पटक्यात मेंदीची पानं अडकली होती. हसू कसं दाबावं या विचारात आमचे जवान भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मिस्त्री लंगडत गेले. गाडी बाहेर काढली, तिच्यावर बसले आणि तीच गाडी आवारात इतकी अलगद फिरवून आणली की तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवला असता तरी हिंदकळला नसता. पन्नाशीचा लंगडा माणूस त्या क्षणी ताठ बसला होता, आणि त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. देशमुखही पाहत होते.

मिस्त्री उतरले, खिशातून पाना काढला आणि खाली बसले. "घटकाभर थांबा मालक. क्लच पायात बदलून देतो," ते म्हणाले. त्यांनी पाना लावला आणि पहिला नट सैल केला.

देशमुख त्या हातांकडे पाहत पुढे आले. मग म्हणाले, "राहू दे, मिस्त्री."

"घटकाभराचंच काम हाय, मालक."

"राहू दे म्हणतो ना. मला ती कधीमधी लागते. तुला रोज लागेल. मला जायचं असलं की न्यायला ये, मागे बसेन मी."

मिस्त्रींनी सैल केलेला नट पुन्हा आवळला. सालगड्याने त्यांना हाताला धरून उभं केलं. देशमुखांनी फिर्याद मागे घेतल्याचं मला सांगितलं आणि पटक्यातली पानं झटकत ते सरळ सालगड्याच्या बैलगाडीत जाऊन बसले.

सालगडी जागचा हलेना. आपल्याला काढून टाकलं आहे की ठेवलं आहे, हे त्याला कळेना.

"जू कोण घालणार? अमीनसाहेब?" देशमुख गाडीतून ओरडले. तो धावला.

गाडी फाटकातून बाहेर पडताना मला देशमुखांचा आवाज ऐकू आला. "तूप कुठलं ओतलंस रे?"

"घरचं, मालक. लोणकढं."

"किती?"

त्याने काय सांगितलं ते चाकांच्या खडखडाटात ऐकू आलं नाही, पण देशमुख कपाळावर हात मारून मोठ्याने हसले, ते ऐकू आलं.

पुढे बरीच वर्षं ती फटफटी हिंगोलीपासून बाळापूरपर्यंत गावोगाव फिरताना लोकांनी पाहिली. कधीकधी मिस्त्रींच्या मागे मोटेच्या चामड्यावर देशमुख बसलेले असत. तालुक्यात कोणाच्या मागे न बसलेला तो माणूस त्यांचा खांदा धरून बसायचा.

राज्यं बदलली, खात्याची भाषा बदलली, मी बढत्या घेत निवृत्त झालो. त्या तपासानंतर माझ्यासमोर अनेक जण गप्प बसले. हा माणूस काय लपवतो आहे, असा प्रश्न मी आधीही विचारायचो. नंतर त्याला आणखी एक जोडला, की हा कोणाला लपवतो आहे? बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसायचं. जेव्हा असायचं, तेव्हा मी तपास पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो, वरिष्ठ कितीही ओरडले तरी. त्यामुळे काही माणसं तुरुंगात न जाता घरी गेली. किती गुन्हेगार पकडले ते मला आज आठवत नाही, पण ही घरी गेलेली माणसं एकूण एक आठवतात.